‘येळवस’खालची तांबडी रेघ

मार्गशीर्षातील अमावास्या आमच्या बीदर-कलबुर्गीच्या शिवारात कोणत्या थाटाने साजरी होते, हे या मासिकाच्या बहुतेक वाचकांना सांगावयास नको. कडब्याची कोप, तिच्यात मांडलेले पाच पांडव, आंबिलाचे मडके, भज्जी, उंडे आणि सारी माणसे रानात गेल्यामुळे दिवसभर ओस पडलेली गावे! कानडीत या सणाला ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणतात. एळ्ळु म्हणजे तीळ. मराठी जिभेवर तीच ‘येळवस’ झाली असावी. लातूर-धाराशिवकडे कागदोपत्री ‘वेळ अमावास्या’ असे लिहितात. घरात मात्र तिकडेही येळवसच.

गेल्या येळवशीनंतर शाळा भरली, तेव्हा आम्ही सातवीच्या मुलांना संगणकावर त्या दिवसाचे दहा ओळींत वर्णन लिहावयास सांगितले. मुले उत्साहाने बसली. तास संपल्यावर आम्ही एकेक लेखन पाहू लागलो, तो एका हुशार मुलाच्या लेखनात सारे काही होते; बैलगाडी होती, आंबील होती, आजोबा होते; पण सणाचे नावच नव्हते. जेथे तेथे नुसते ‘तो सण’ असे लिहिलेले. आम्ही विचारले, “अरे, कोणता सण? नाव का नाही लिहिलेस?”

तो चाचरत म्हणाला, “लिहिलतो सर. पर त्याच्याखाली तांबडी रेघ येत होती. म्हनून काढलो. सर, येळवस चूक हाय का?”

चूक लिहिले की शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ उमटते, हे मुलांना ठाऊक झाले आहे. संगणकाने रेघ ओढली म्हणजे शब्द चुकला, इतका त्या यंत्रावर त्यांचा विश्वास! पंचवीस-तीस वर्षे आम्ही तांबड्या शाईने मुलांच्या वह्या तपासल्या. परंतु ज्या शब्दाने आजी हाक मारते, तो शब्द चूक आहे असे सांगण्याचे धाडस आम्हांला कधी झाले नाही. ते या रेघेने एका क्षणात केले होते, आणि मुलाने कोणताही वाद न घालता आपल्या घरचा शब्द खोडून टाकला होता.

ही रेघ कोण ओढते? ती पुसण्याचा अधिकार कोणाला? या प्रश्नांच्या मागे जाता जाता आम्ही एका मोठ्या आणि रंजक कथेपर्यंत पोहोचलो. ती कथा वाचकांना सांगावी, हाच या लेखाचा हेतू.

मालक बदलले, पाणी वाहते राहिले

आमच्या शाळेतील संगणकांवर ‘लिब्रेऑफिस’ नावाचा कार्यालयीन सॉफ्टवेअरचा संच आहे. पत्रे लिहिणे, निकालपत्रकांची बेरीज-वजाबाकी करणे, भिंतीवर दाखवावयाची चित्रे-तक्ते बनविणे, ही सारी कामे त्यात होतात. त्याला मोल पडत नाही; पण फुकटपणा हे त्याचे खरे वैशिष्ट्य नव्हे. ज्या आज्ञावलीवर हे सॉफ्टवेअर चालते, ती सर्वांसाठी खुली आहे. कोणीही ती वाचावी, तपासावी, दुरुस्त करावी आणि दुसऱ्यास द्यावी. यालाच मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात.

या संचाचे मूळ जर्मनीत आहे. ल्युनेबुर्ग या गावी मार्को ब्योरिस नावाच्या शाळकरी वयाच्या मुलाने १९८५ मध्ये ‘स्टार डिव्हिजन’ ही कंपनी काढली. तिचे ‘स्टाररायटर’ पुढे वाढून ‘स्टारऑफिस’ झाले. १९९९ मध्ये अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्सने ही कंपनी विकत घेतली. आपल्या हजारो नोकरांसाठी दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरचे परवाने घेण्यापेक्षा एक कंपनीच विकत घेणे स्वस्त पडले, असे त्याविषयी सांगतात. ऑक्टोबर २००० मध्ये सनने तिची आज्ञावली जगाला खुली केली आणि ‘ओपनऑफिस’ जन्मास आले. २०१० च्या जानेवारीत सन ही कंपनी ओरॅकलच्या हाती गेली. नव्या मालकाच्या मनात काय आहे, याची स्वयंसेवकांना चिंता वाटू लागली. तेव्हा त्यांच्यापैकी पुष्कळांनी २८ सप्टेंबर २०१० रोजी ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ची घोषणा करून ‘लिब्रेऑफिस’ या नावाने स्वतंत्र संसार मांडला. पुढे २०१२ मध्ये ही संस्था बर्लिन येथे रीतसर नोंदविली गेली. ओरॅकलने २०११ मध्ये जुने ओपनऑफिस अपाची या संस्थेकडे सोपविले. परंतु कामकऱ्यांचा मोठा ओघ लिब्रेऑफिसकडे वळला तो वळलाच.

या इतिहासाची आमच्या बीदरच्या वाचकांना एक ओळखीची उपमा देता येईल. नौबादजवळची सुरंग बावी, म्हणजे जमिनीखालचे कारेज, पुष्कळांनी पाहिले असेल. बहमनी राजवटीत, पंधराव्या शतकात, खडक फोडून भुयारातून पाणी खेळविण्यात आले आणि ठिकठिकाणी वर येणारी उच्छ्वासे ठेवली गेली. राजवटी आल्या, गेल्या. पाणी कोणा एकाच्या मालकीचे नव्हते म्हणून ते सर्वांचे राहिले. पण सर्वांचे ते कोणाचेच नाही, या न्यायाने पुढे गाळ साचून मार्ग बुजले. अलीकडच्या काळात तो गाळ उपसण्याचे काम झाले, तेव्हा आतील बांधणी किती विचारपूर्वक केलेली होती हे लोकांच्या ध्यानी आले.

लिब्रेऑफिसच्या कर्त्यांपुढे २०१० मध्ये अगदी असेच काम होते. आत पंचवीस वर्षांचा गाळ होता, आणि वर पाणी भरणाऱ्यांची रांग होती. पाणी एक दिवसही बंद न करता गाळ उपसावयाचा होता.

गाळ कसा उपसला

हा संच काही दशलक्ष ओळींचा आहे. त्यातील पुष्कळ टिपणे जर्मन भाषेत होती, कारण मूळ कारागीर जर्मन होते. प्रोग्रामर आपल्या आज्ञेशेजारी ‘हे असे का केले’ याची टीप लिहून ठेवतो. ती टीप वाचता आली नाही, तर नवा माणूस तेथे हात घालावयास धजत नाही. म्हणून स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे बसून ती टिपणे एकेक करून इंग्रजीत आणली. या कामात कौतुक मिळण्यासारखे काहीच नव्हते. पण त्यावाचून पुढचे पाऊल पडले नसते.

दुसरे काम मृत भाग काढण्याचे. एके काळी गरजेची असलेली, पण आता कोणीही न बोलावणारी हजारो कार्ये आत तशीच पडून होती. कोणते कार्य जिवंत आणि कोणते मृत, हे शोधणारी साधने बनवून ती यादी हळूहळू रिकामी करण्यात आली. तिसरे काम परीक्षेचे. एक वीट काढली की दुसरीकडची भिंत कोसळते, हा जुन्या बांधकामाचा नियम येथेही लागू आहे. म्हणून प्रत्येक बदल दुसऱ्याने तपासावा, यंत्राने आपोआप चाचण्या घ्याव्यात, आणि पूर्वी ज्या फाइलींनी हा संच बंद पाडला होता, अशा फाइलींचा ढीग पुनःपुन्हा उघडून पाहावा, अशी शिस्त लावण्यात आली.

हे सारे वाचून वाचक विचारतील, ‘जर्मन टिपणांशी आमच्या मराठीचा काय संबंध?’ संबंध फार जवळचा आहे. दोन उदाहरणे देतो.

जुन्या रचनेत पडद्यावर उघडणाऱ्या प्रत्येक चौकटीची लांबी-रुंदी कायमची ठरवून ठेवलेली असे. एखादे लहानसे इंग्रजी शब्दरूप मावेल तेवढीच जागा. तेथे मराठी शब्द ठेवला की शेपूट कापले जाई, आणि उरलेल्या शब्दाचा अर्थ लावता लावता शिक्षक हैराण होत. २०१३ पासूनच्या काही वर्षांत या शेकडो चौकटी नव्याने घडविण्यात आल्या; आता आतील शब्द जेवढा लांब, तेवढी चौकट ताणली जाते. आमच्या भाषेने अंग चोरून बसण्याची गरज उरली नाही.

दुसरे उदाहरण जोडाक्षरांचे. देवनागरी ही नुसती अक्षरे एकापुढे एक ठेवून होत नाही. ‘क्षि’ लिहावयाचा तर र्‍हस्व वेलांटी उच्चारात मागून येते आणि कागदावर पुढे बसते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातील खोल जागा. दोन्हींत र आणि य यांचाच संयोग, पण एकात रफार आणि दुसऱ्यात मराठीचे खास अर्धे र. ‘आचार्यांना’ जेवावयास वाढले आणि ‘आचाऱ्यांना’ जेवावयास वाढले, यांतील भेद ज्या यंत्राला कळत नाही, त्याच्या हाती मराठी देणे धोक्याचेच. पूर्वी विंडोज, लिनक्स आणि मॅक या तीन प्रणालींवर हा संच अक्षरे जोडण्याचे काम तीन निरनिराळ्या यंत्रणांकडे सोपवीत असे; म्हणून एका संगणकावर नीट दिसणारे पान दुसरीकडे वेगळे दिसे. २०१७ च्या ५.३ या आवृत्तीपासून ते काम सर्वत्र एकाच यंत्रणेकडे आले. तिचे नाव ‘हर्फबझ’. हे नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे खुले. तिचा प्रमुख कर्ता बेहदाद एस्फहबोद हा मूळचा इराणी. ज्या शहरात इराणातील गिलान प्रांताहून आलेल्या महमूद गवानने १४७२ मध्ये मदरसा उभारला आणि त्याच्या भिंतींवर फारसी-अरबी अक्षरांच्या रंगीत फरशा जडविल्या, त्या बीदरमधील मुलांचे मराठी आज एका इराणी माणसाच्या ‘खुल्या अक्षरां’तून पडद्यावर उमटते, हा योगायोग आम्हांला मोठा गोड वाटला.

याच यंत्रणेमुळे आणखी एक सूक्ष्म गोष्ट साधली. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेचे जे प्रमाणीकरण केले, त्यात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हे मराठीचे म्हणून ठरविले. हिंदीत ही अक्षरे निराळ्या वळणाने काढतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदविली, आणि फाँट जाणता असला, तर हीच मराठी वळणे उमटतात. आमच्या कार्यालयातील संगणकावर भाषा ‘हिंदी’ अशी नोंदलेली होती. ती बदलताच मुलांचे ‘ल’ मराठी झाले. वर्षभर हिंदी ‘ल’ काढून आम्ही मराठीचे धडे देत होतो, याची आम्हांला गंधवार्ताही नव्हती.

मालकाविना योजना

एवढे मोठे काम मालकाविना चालते कसे, हा प्रश्न शाळा चालविणाऱ्या माणसाला पडल्यावाचून राहात नाही. आमच्याकडे वरून परिपत्रक येते, आणि काम होते किंवा होत नाही. येथे परिपत्रक काढणाराच नाही.

पहिला नियम वेळापत्रकाचा. दर सहा महिन्यांनी, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमारास, नवी आवृत्ती निघते. एखादी सुधारणा वेळेत तयार झाली नाही, तर आवृत्ती तिच्यासाठी थांबत नाही. सुधारणेने पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी. २०२४ पासून आवृत्तीचा क्रमांकही वर्ष आणि महिना यांवरून ठरतो, २४.२ म्हणजे २०२४ सालचा दुसरा महिना. ज्याला आपले काम आत जावे असे वाटते, त्याला तारीख आधीच ठाऊक असते. लग्नाची तिथी ठरली की घरातील रंगकाम आपोआप उरकते, तसाच हा प्रकार.

दुसरा नियम अधिकाराचा. संस्थेचे सभासदत्व पैशाने मिळत नाही. काम केल्याने मिळते. कोणी आज्ञावली लिहितो, कोणी चुका शोधून नोंदवितो, कोणी भाषांतर करतो. सारे सारख्याच दर्जाचे सभासद होऊ शकतात, आणि तेच संचालक मंडळ निवडतात. तांत्रिक प्रश्नांसाठी जाणत्यांची एक समिती दर आठवड्याला बसते, आणि तिच्या बैठकीचा वृत्तांत सर्वांना वाचावयास खुला असतो.

तिसरा नियम आम्हांला शिक्षक म्हणून सर्वांत भावला. नवख्या माणसासाठी सोपी कामे मुद्दाम बाजूला काढून ठेवलेली असतात. जाणत्याला जे काम दहा मिनिटांत करता येईल, ते तो करीत नाही. उद्या येणाऱ्या शिकाऊ माणसासाठी राखून ठेवतो. पोळपाटाशी बसलेल्या मुलीसाठी आई शेवटचे दोन गोळे ठेवते, ती याच हेतूने. स्वयंपाक लवकर आटोपणे हा तिचा हेतू नसतो. पुढची स्वयंपाकीण तयार होणे हा असतो.

मतभेद होत नाहीत असे नव्हे. वरच्या पट्टीवरील बटणे नव्या पद्धतीने गटागटांनी मांडावीत की जुन्या याद्याच ठेवाव्यात, यावर मोठी चर्चा झाली. २०१७ मध्ये नवी मांडणी प्रयोग म्हणून आली, २०१९ मध्ये ती पक्की झाली. परंतु जुनी काढून टाकली नाही. ज्याला जी हवी ती त्याने निवडावी. सून नवी चूल आणते, आणि सासूची चूलही परसात पेटती राहते, असा हा समजूतदार तोडगा.

वाळवीने खाल्लेली पाने

या साऱ्याचे महत्त्व आम्हांला पटले ते एका स्मरणिकेमुळे. आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवात, २००१ मध्ये, एक स्मरणिका छापली होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद संस्थानचा जुना बीदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तिकडे गेले, आणि भालकी, हुमनाबाद, औराद ही आमची बाजू इकडे आली. त्या दिवसांत शाळेत असलेल्या वृद्ध माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी त्या स्मरणिकेत होत्या. ती माणसे आता नाहीत. छापील प्रतींपैकी शाळेत एकच उरली, आणि तिची मधली पाने वाळवीने खाल्ली. कपाटात एक चकती मात्र होती.

चकतीवरील फाइल पेजमेकरची होती. त्या काळी बहुतेक मराठी छपाई याच सॉफ्टवेअरवर होत असे. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ मध्ये निघाली, पुढे ते बंद पडले, आणि आजच्या संगणकावर ती फाइल कोणी उघडून देईना. ज्या घराची किल्ली एकाच कुलूपवाल्याकडे असते, त्याने दुकान बंद केले की घरमालक बाहेरच उभा राहतो. आमची स्मरणिका आमच्याच कपाटात कैद झाली होती.

लिब्रेऑफिसच्या कर्त्यांनी २०१४ मध्ये अशा बंदिस्त जुन्या फाइली सोडविण्याचे काम स्वतंत्रपणे आरंभिले, आणि २०१५ च्या ४.४ या आवृत्तीत पेजमेकरच्या फाइलीही वाचता येऊ लागल्या. आमच्या संगणक शिक्षकांनी चकती लावली आणि फाइल उघडली. आम्ही पुढे वाकून पाहतो तो पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कालवा! त्या काळी प्रत्येक कंपनी इंग्रजी ए, बी, सी यांच्या घरांत देवनागरीचे तुकडे आपल्या मर्जीने बसवीत असे. तो विशिष्ट फाँट असेल तरच वाचता येई. नसेल तर सारे व्यर्थ. आमचे हे शिक्षक कन्नड भाषक आहेत. ते हसून म्हणाले, “सर, आमच्याकडेही हेच झाले. जुन्या ‘नुडी’तली पत्रे तो फाँट नसला की अशीच दिसतात.” दोन भाषांचे दुखणे एकच निघाले.

युनिकोडने १९९१ पासून देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला जगभर एकच कायमचा क्रमांक दिला आहे. जुन्या फाँटमधील मजकूर त्या क्रमांकांत आणणारी परिवर्तकेही मिळतात. चार संध्याकाळी खर्चून तो मजकूर आम्ही सोडविला. मांडणी विस्कटली, काही जोडाक्षरे हाताने नीट करावी लागली. पण वाळवीने खाल्लेली पाने परत वाचता आली. आता तो मजकूर ‘ओडीएफ’ या खुल्या नमुन्यात ठेवला आहे. या नमुन्याला २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याची घडण सर्वांना ठाऊक असल्यामुळे, आज आहे ती संस्था उद्या नसली तरी आपली फाइल वाचणारे सॉफ्टवेअर दुसरा कोणी बनवू शकेल. जर्मनीतील श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्याने २०२४ मध्ये आपले सुमारे तीस हजार सरकारी संगणक लिब्रेऑफिसवर नेण्याचा निर्णय घोषित केला, त्यामागेही आपल्या दप्तराची किल्ली आपल्याच हाती असावी हा विचार आहे.

किंमत

आधुनिकीकरणाला किंमत पडते, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे. म्युनिक शहराने २००३ पासून मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग धरला, आणि २०१७ मध्ये नगरसभेने पुन्हा माघारी फिरण्याचे ठरविले. सॉफ्टवेअर उत्तम असले तरी वापरणाऱ्यांना बरोबर घेतले नाही, तर ते टिकत नाही.

आमच्यापुरते पाहावयाचे तर ऑगस्ट २०२५ मधील २५.८ ही आवृत्ती विंडोज ७ आणि ८ वर चालत नाही. कर्त्यांच्या बाजूने पाहता हे रास्तच आहे. मोडकळीस आलेल्या प्रणालींचे ओझे किती दिवस वाहावे? परंतु देणगीत मिळालेले जुने संगणक ज्या खेड्यातील शाळेत आहेत, तेथे ही सुधारणा दारातच थांबते. आम्ही अशा काही संगणकांवर मुक्त लिनक्स प्रणाली बसवून घेतली. २०१० नंतरच्या वर्षांत ‘सब्जेक्ट टीचर फोरम’ या उपक्रमातून कर्नाटकातील सरकारी हायस्कुलांच्या शिक्षकांना उबंटू आणि मुक्त साधने शिकविण्यात आली होती. ते शिक्षण घेतलेले एक गुरुजी या कामी उपयोगी पडले. केरळने आपल्या शाळांत मुक्त सॉफ्टवेअर रुजविले, तेही शिक्षकांना आधी शिकवूनच.

पुन्हा ती रेघ

आता त्या मुलाकडे वळू. तांबडी रेघ ओढणाऱ्या यंत्रणेचे नाव ‘हनस्पेल’. तिचा कर्ता लास्लो नेमेथ हा हंगेरियन. हंगेरियन भाषेत एकाच शब्दाला प्रत्ययांमागून प्रत्यय लागत जातात. नुसती शब्दांची यादी देऊन भागत नाही. मराठीचेही तसेच. ‘घर’ लिहून चालत नाही. घराला, घरातून, घरापाशी, घरांपर्यंत, घरातल्यांचे अशी त्याची रूपे हजर असावी लागतात. म्हणून या यंत्रणेत शब्दांची एक यादी आणि प्रत्ययांच्या नियमांची दुसरी यादी असते. मराठीसाठी या याद्या स्वयंसेवकांनी केल्या आहेत. त्यांनी जे शब्द घातले ते आले. जे त्यांच्या कानी कधी पडलेच नाहीत, त्यांच्याखाली रेघ आली. आमच्या शब्दाचा कोणी द्वेष केला नव्हता. आम्ही तो कोणाला सांगितलाच नव्हता.

मुलांना हे समजावून दिल्यावर आम्ही गृहपाठ दिला. घरात बोलला जाणारा पण संगणकाला न कळणारा प्रत्येक शब्द लिहून आणावा, आणि वडील माणसांना विचारून त्याचा अर्थ लिहावा. चार-पाच दिवसांत वही भरली. मग नियमांचा प्रश्न आला. ‘येळवस’ला ‘ला’ प्रत्यय लावला तर काय होईल? एक मुलगी म्हणाली, ‘येळवसला’. ज्याने शब्द खोडला होता तो मुलगा ताडकन् उठून म्हणाला, “नाही सर, येळवशीला! आई म्हनती, येळवशीला मामा येनार.” आम्ही विचारले, ‘स’चा ‘श’ का झाला? क्षणभर वर्ग गप्प. मग मागून आवाज आला, “म्हैस, म्हशीला!” दुसरा म्हणाला, “वेस, वेशीत!” सामान्यरूपाचा जो नियम फळ्यावर लिहून लिहून आम्ही थकलो होतो, तो त्या दिवशी मुलांनी आपल्या घरच्या शब्दांतून स्वतः शोधून काढला. मराठीचे एम.ए. होऊन आम्हांला इतका आनंद क्वचितच झाला असेल.

आमच्या संगणकांवरील शब्दकोशात तो शब्द आम्ही त्याच दिवशी घातला, आणि रेघ गेली. पण ती आमच्या खोलीतून गेली; भालकीच्या, आळंदच्या, इंदूरच्या, बडोद्याच्या घरांतून नाही. सर्वत्र जावी म्हणून वहीतील शब्द रूपांसह नीट लिहून कोशाचे काम पाहणाऱ्यांकडे पाठविण्याचे काम सुरू आहे. आम्ही मागत आहोत ती सवलत नव्हे. या कारेजाचा गाळ उपसणाऱ्यांनी सर्वांसाठी पाणी मोकळे केले आहे. आपल्या दाराशी आलेल्या पाण्यात घागर बुडविण्याचे काम तरी आपणच करावयास हवे.

सीमाभागातील मराठी शाळांची पटसंख्या वर्षानुवर्षे रोडावत आहे, हे आम्ही रोज हजेरीपटावर पाहतो. तिला एका शब्दकोशाने आवर बसेल अशा भ्रमात आम्ही नाही. परंतु ज्या घरी हे मासिक जाते, त्या घरी अजून एखादी आजी, एखादे आजोबा आहेत. त्यांच्या तोंडचे शब्द अर्थासह आणि ‘ला’, ‘चा’, ‘त’ लावून होणाऱ्या रूपांसह एका वहीत लिहून काढावेत, अशी वाचकांना विनंती आहे. कोशात घालण्याची रीत शिकणे फारसे कठीण नाही. आमच्या सातवीच्या मुलांनी ती शिकून घेतली आहे.

त्या मुलाचे दहा ओळींचे लेखन आता आमच्या कार्यालयातील फलकावर लावलेले आहे. पहिले वाक्य त्याने नव्याने लिहिले: ‘येळवशीला आमी समदे रानात गेलो.’ ‘आमी’ आणि ‘समदे’ यांखाली अजून तांबडी रेघ आहे. ती ठेवावी की पुसावी, यावर आमच्या शिक्षकांत मतभेद आहेत, आणि चर्चा चालू आहे.